हवापालट

तक्त्यात मी सहा रकाने पाडले होते.
पगार. घर. व्हिसा. सुट्ट्या. विमानाचं भाडं.
सहावा, सगळ्यांत अरुंद: हवा.

आमच्याकडे आजाऱ्याला हवापालट सांगतात.
मी तशी धडधाकट, फक्त रात्री तीनला
छातीत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवतं.
म्हणून मुलाखत संपता संपता विचारलं, ओशाळूनच,
उसने पैसे मागावेत तसं:
तिथली हवा कशी आहे?

मुख्याध्यापिका गुलबारा हसल्या,
लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला.
मे महिना. आला-तूचे डोंगर बर्फासकट,
इतके जवळ
की पडद्याला बोट लावलं तर गार लागावं.
पोर्तुगालातली समुद्राकाठची शाळा निम्माच पगार देत होती.
मी सहाव्या रकान्यात लिहिलं, उत्तम.
जानेवारीचं विचारायचं राहून गेलं.

बिश्केकमध्ये नोव्हेंबरात
संध्याकाळ चार वाजता येते आणि तिला वास असतो.
जिभेवर जुनं नाणं ठेवल्यासारखी चव.
मी खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबते,
सकाळी त्यावर एक काळी रेघ उमटलेली,
काठपदरासारखी सरळ.

घरमालकीण बुरुलआपा दारातून बघते, काही म्हणत नाही.
मग एकदा चहा ओतताना म्हणाली,
रशिया गेला त्यानंतरच्या एका हिवाळ्यात
आमच्या गल्लीत धूर नव्हता.
आकाश कसं, धुतलेल्या काचेसारखं.
आम्ही पाच जण कोट घालून एका गादीवर निजायचो.
साखर घे.

शाळेत हजेरीच्या शेवटी बेगायनं एक नाव वाढवलंय.
डोंगर?
सगळा वर्ग खिडकीकडे वळून: गैरहजर!
सलग बारा दिवस.
पालकांना बोलावून घ्या, आर्गेन म्हणाला,
आणि मीही हसले, खोकला येईपर्यंत.

त्याच आठवड्यात सरासरी शिकवायची होती.
खिडकीतल्या यंत्रावरचे सकाळचे तीन आकडे फळ्यावर लिहिले:
दोनशे बारा, दोनशे चाळीस, एकशे सत्त्याऐंशी.
दोनशे तेरा, आर्गेनचं उत्तर सगळ्यांच्या आधी.
मग बसला नाही, उभाच.
यात माझ्या बाबांचा ट्रक किती, एजे?
ते कारा-केचेचा कोळसा आणतात,
शहराबाहेरच्या घरांना उधारीवरसुद्धा देतात.
मी म्हटलं, असं वेगळं काढता येत नाही.
तो विचारात पडला.
बुरुलआपाकडेही आमचाच असतो, म्हणाला.
तुमच्या खोलीतला रेडिएटर त्यावरच चालतो ना?
टोमणा नव्हता त्यात.
मांडलेलं गणित तो पुरं करत होता, इतकंच.

माझ्या तक्त्यात हवा म्हणजे तिथे असलेली एक गोष्ट होती,
उंची किंवा पाऊस असतो तशी.
कुणीतरी पहाटे उठून, फावडं घेऊन,
कुणाला तरी ऊब हवी म्हणून
ती करत असेल, असा रकाना नव्हता.

आता मार्च. कराराचा नवा कागद टेबलावर कोरा,
आणि इझमिरहून कुणा नेरिमनचं पत्र:
माझी जागा रिकामी होणार असं ऐकलंय,
शेवटी, ओशाळूनच, एक प्रश्न.

मी लिहिते: मे महिन्यावर जाऊ नका.
जानेवारीचे आकडे सोबत जोडलेत.
फिल्टर बदलतो म्हणतात, तारीख लिहून मागा.
दमा असेल तर येऊ नका.
नसेल तर
इथवर येऊन पेन थांबलंय.
माझ्या भाषेत हवा म्हणजे पाहिजेसुद्धा,
हे तिला कसं कळवायचं.

खाली ट्रक मागे येतोय, बुरुलआपा हातवारे करतेय,
पुढच्या सीटवर आर्गेन, टोपी डोळ्यांपर्यंत,
वर बघून हात हलवतो.
काच धुरकटलेली. मी त्याला दिसत नसणार.
दिसायचं तर खिडकी उघडावी लागेल,
आणि त्याआधी
टॉवेल काढावा लागेल.